अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ व भरपाईचा पुरावा

शाळेच्या रसायनशाळेंत तिवईवर तारेची एक जाळी ठेवीत असत. तिच्या मध्यभागीं पांढऱ्या रंगाचा एक गोल थर असे. खालीं दिवा पेटवावा व वर कांचेचें पात्र ठेवावें. ज्वाला त्या थरावर आपटून पसरे, पात्र सर्व बाजूंनीं सारखें तापे आणि तडकत नसे. तो थर अ‍ॅस्बेस्टॉसचा. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनीं त्याचे पापुद्रे नखानें खरवडले आणि फुंकर मारून उडविले. त्यांत कांहीं वावगें आहे असें ना शिक्षकांस वाटलें, ना तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांस. पुढें अनेक देशांतील शाळांतून ह्या जाळ्या काढून टाकण्यांत आल्या.

अ‍ॅस्बेस्टॉस हा एक दगडच. परंतु त्याची जात निराळी. साधा फत्तर फोडला तर त्याच्या कपच्या निघतात; हा दगड ठेचला तर लोकरीसारखा पिंजला जातो. त्याचें सूत काततां येतें, कापड विणतां येतें, सिमेंटांत कालवून छपराचे पत्रे करतां येतात. तो जळत नाहीं, सडत नाहीं, आणि त्यांतून उष्णता सहज पार होत नाहीं. ग्रीक भाषेंतील त्याच्या नांवाचा अर्थच ‘न विझणारा’ असा आहे. पांढरा क्रिसोटाइल, तपकिरी अमोसाइट व निळा क्रोसिडोलाइट हे त्याचे व्यापारांतील तीन मुख्य प्रकार. आगगाडीचीं एंजिनें, आगबोटींचे बॉयलर, गिरण्यांतील वाफेचे नळ, मोटारीच्या ब्रेकचीं अस्तरें, नाटकगृहांतले अग्निरोधक पडदे, अशा शेंकडों ठिकाणीं विसाव्या शतकानें तो वापरला. वाफेच्या युगाला असा पदार्थ हवाच होता.

पिंजतां पिंजतां ह्या लोकरीचे तंतू इतके बारीक होतात कीं ते डोळ्यांना दिसत नाहींत. श्वासाबरोबर ते फुप्फुसांतील अगदीं शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोंचतात. बाहेरचा कण आंत आला म्हणजे त्याला गिळून टाकणाऱ्या रक्षक पेशी तेथें असतात. परंतु लांब तंतू त्यांना गिळतां येत नाहीं. तो अर्धवट गिळलेल्या स्थितींत अडकून पडतो, भोंवतालीं दाह सुरू होतो, आणि हा दाह वर्षानुवर्षें धुमसत राहतो. त्यांतून तीन मोठे रोग संभवतात. पहिला अ‍ॅस्बेस्टोसिस: यांत फुप्फुस आंतून वण पडून कठीण होतें आणि माणसाला जिना चढवेनासा होतो. दुसरा फुप्फुसाचा कर्करोग. तिसरा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसावरील किंवा पोटांतील नाजूक आवरणाचा कर्करोग. छातींत पाणी होतें, दम लागतो, कूस दुखूं लागते, आणि निदान झाल्यावर बहुतेक रोगी एक-दीड वर्षाच्या आंतबाहेर दगावतात.

या तिन्हींतील भेद केवळ वैद्यकाच्या कामाचा आहे असें नाहीं. भरपाई मागणाऱ्याचें सारें भवितव्य त्यावर अवलंबून असतें. अ‍ॅस्बेस्टोसिस होण्यास पुष्कळ धूळ पुष्कळ काळ छातींत जावी लागते. म्हणून तो बहुधा कारखान्यांतल्या कामगारालाच होतो, आणि रोग व काम यांचा संबंध दाखविणें त्या मानानें सोपें असतें. फुप्फुसाच्या कर्करोगाचें तसें नाहीं. तो तंबाखूनें होतो, इतर कारणांनींहि होतो, आणि जो माणूस धूम्रपानहि करतो व अ‍ॅस्बेस्टॉसमध्येंहि राबतो त्याला दोन्ही धोक्यांची नुसती बेरीज नव्हे, तर जवळजवळ गुणाकार भोगावा लागतो. तेव्हां प्रतिवादीचा वकील बिडीकडे बोट दाखवितो. मेसोथेलिओमाची गोष्ट तिसरीच. अ‍ॅस्बेस्टॉसखेरीज त्याचीं कारणें फार थोडीं, म्हणून रोगाचें नांव हीच अर्धी साक्ष ठरते. पण तो थोड्याशा धुळीनेंहि होऊं शकतो, आणि ती धूळ छातींत गेल्यावर वीस, तीस, चाळीस, कधीं कधीं पन्नास वर्षांनीं प्रगट होतो.

हा दीर्घ काळ हेंच सर्व अडचणींचें मूळ आहे. यंत्रांत हात सांपडून तुटला तर दिवस, वेळ, यंत्र, मालक व साक्षीदार सारे एका ठिकाणीं हजर असतात. धुळीनें केलेल्या अपघाताचा पंचनामा कोणी करीत नाहीं. तो लक्षांत येतो तेव्हां कारखाना मोडून तेथें कदाचित् दुसरी वस्ती उठलेली असते, हजेरीपट रद्दींत गेलेले असतात, बरोबरीचे कामगार निवर्तलेले असतात, आणि वादी स्वतः थोड्या महिन्यांचा सोबती असतो. आणि न्यायालय तर पुरावा मागणारच. ह्या एका गांठीचा उलगडा करण्यांत इंग्लंडच्या कायद्याला जवळजवळ ऐंशी वर्षें घालवावीं लागलीं, व तोहि सर्वस्वीं झाला असें म्हणवत नाहीं.

त्या काळच्या लँकेशायर परगण्यांत रॉचडेल नांवाचें कापडगिरण्यांचें शहर होतें. तेथें टर्नर ब्रदर्स या कंपनीच्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या गिरणींत नेली केर्शॉ नांवाची एक स्त्री सूत काढण्याचें काम करी. १९२२ सालीं तिला काम झेपेनासें झालें. तिच्या डॉक्टरानें ‘अ‍ॅस्बेस्टॉसची विषबाधा’ असा दाखला लिहून दिला. हा दाखला घेऊन ती आजारपणाच्या विमामंडळाकडे गेली. त्यांनीं सांगितलें, हा रोग धंद्यामुळें झाला आहे, तेव्हां पैसे मालकाकडून घे. मालकाकडे गेली. त्यानें सांगितलें, कामगार-भरपाईच्या कायद्यांत रोगांची जी यादी आहे तींत ह्या रोगाचें नांव नाहीं, तेव्हां आमच्यावर जबाबदारी नाहीं. आई जेवूं घालीना, बाप भीक मागूं देईना, अशांतली ही गत. कित्येक आठवडे घरीं बसून आहे, एक छदामहि हातीं आला नाहीं, असें तिनें कंपनीला लिहून पाहिलें, व्यर्थ. १९२४ च्या मार्चमध्यें वयाच्या तेहेतिसाव्या वर्षीं ती वारली. कंपनीनें अंत्यविधीचा खर्चहि नाकारला, कारण तो दिला असतां पायंडा पडेल. तिच्या कबरीवर दगड बसला नाहीं.

तिच्या मृत्यूची मात्र चौकशी झाली. डॉ. विल्यम कुक यांनीं तिच्या फुप्फुसाचे छेद सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले, त्यांत खनिजाचे कण दाखविले, आणि तें प्रकरण त्याच वर्षीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें छापलें. रोगाला ‘अ‍ॅस्बेस्टोसिस’ हें नांव त्यांनींच १९२७ सालीं रूढ केलें. मग सरकार हललें. मेरिवेदर व प्राइस या सरकारी निरीक्षकांनीं ३६३ कामगार तपासले. त्यांतील ९५ जणांच्या, म्हणजे चौघांत एकाहून अधिकांच्या, फुप्फुसांना वण पडलेले त्यांना आढळले. त्यांचा अहवाल १९३० सालीं निघाला, १९३१ सालीं धूळ आवरण्याचे नियम झाले, आणि रोगाचें नांव भरपाईच्या यादींत आलें. परंतु हे नियम मुख्यतः कारखान्याच्या आंत माल तयार करणाऱ्यांपुरते होते. तोच माल जहाजाच्या तळघरांत नळांवर लिंपणारा, किंवा कारखान्याच्या भिंतीबाहेर राहणारा, यांचा विचार त्यांत जवळजवळ नव्हता.

कर्करोगाचा पुरावा त्याहून उशिरा आला. रॉचडेलच्याच गिरणींत वीस वर्षांहून अधिक काळ काढलेल्या ११३ कामगारांचा आढावा घेऊन रिचर्ड डॉल यांनीं १९५५ सालीं दाखविलें कीं, ह्या लोकांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सामान्य माणसाच्या सुमारें दहापट आहे. कंपनीला हा निबंध प्रसिद्ध व्हावयास नको होता, तो झाला. १९६० सालीं दक्षिण आफ्रिकेंत वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मेसोथेलिओमाचे ३३ रोगी गोळा केले. एरवीं अत्यंत विरळ असा हा रोग निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या प्रदेशांत दाट आढळत होता. आणि रोग्यांपैकीं कित्येक खाणींत कधीं उतरलेलेच नव्हते, ते नुसते त्या भागांत लहानाचे मोठे झाले होते. पांच वर्षांनीं लंडनमध्यें न्यूहाउस व टॉम्प्सन यांनीं तोच शोध शहरांत लावला. बार्किंग येथील केप कंपनीच्या कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आंत राहिलेले, किंवा नवऱ्याचे वा बापाचे धुळीनें माखलेले कपडे घरीं झटकून धुणारे, असे लोक रोग्यांत निघाले. परटिणीचें काम करणाऱ्या गृहिणीला कोणत्या यादींत घालावयाचें, हा प्रश्न तेथून उभा राहिला.

एवढें कळल्यावरहि कायद्याचे दोन दरवाजे बंदच होते. त्यांतला पहिला मुदतीचा. दावा अमुक वर्षांच्या आंत लावला पाहिजे, हा नियम सर्वत्र आहे, आणि तो वाजवीहि आहे. जुनें उकरून काढण्यास कोठें तरी सीमा हवी. पण मुदत मोजावयाची कोणत्या दिवसापासून? १९६३ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सपुढें, म्हणजे त्या काळच्या इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठापुढें, कारखान्यांतील दगडी धुळीनें फुप्फुसें गमावलेल्या कामगारांचें एक प्रकरण आलें. न्यायाधीशांनीं नाइलाजानें निकाल दिला कीं, मुदत इजा झाल्या दिवसापासून सुरू होते, मग ती रोग्याला ठाऊक असो वा नसो. म्हणजे आपण आजारी आहों हें कळण्यापूर्वींच माणसाचा दावा बुडून जाई! ही गोष्ट इतकी उघड अन्यायाची होती कीं त्याच वर्षीं पार्लमेंटनें नवा कायदा केला. आतां तेथें आपल्याला इजा झाली व ती अमक्यामुळें झाली हें कळल्यापासून तीन वर्षें धरतात.

दुसरा दरवाजा भिंतीबाहेरच्यांचा. तो उघडला लीड्स शहरांतील आर्मली ह्या मोहल्ल्यानें. ही हकीकत थोडी विस्तारानें सांगण्याजोगी आहे.

आर्मलींत जे. डब्ल्यू. रॉबर्ट्स या कंपनीचा कारखाना १९५८-५९ पर्यंत चालू होता. एंजिनांच्या बंबांभोंवतीं बांधावयाच्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या गाद्या तेथें होत. ही कंपनी टर्नर अँड न्यूऑल या मोठ्या समूहाची, म्हणजे रॉचडेलवाल्यांचीच, पोटकंपनी. कारखाना कामकऱ्यांच्या घरांना अगदीं लागून होता. धूळ पंख्यांतून गल्लींत पडे आणि खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसे. मुलें तिच्यांत बोटांनीं रेघा ओढून लंगडीचे चौकोन आंखीत, तिचे गोळे करून बर्फासारखे एकमेकांना मारीत, आणि माल चढविण्याच्या ओट्यावर पोत्यांच्या राशींवर उड्या मारीत. ह्याच मुलांपैकीं एक आर्थर मार्गरसन, जन्म १९२५. दुसरी जून हॅनकॉक, जन्म १९३६. दोघांनींहि त्या कारखान्यांत कधीं नोकरी केली नाहीं. मार्गरसन १९९१ सालीं मेसोथेलिओमानें वारले. त्यांच्या पत्नीनें दावा लावला. हॅनकॉकबाईंची आई त्याच रोगानें १९८२ सालीं गेलेली होती. १९९४ सालीं स्वतः बाईंनाच रोग असल्याचें निदान झालें. आईचें मरण जवळून पाहिलेलें असल्यामुळें पुढें काय आहे हें त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांनींहि दावा लावला.

कंपनीचा बचाव वरवर पाहतां बळकट होता. मेसोथेलिओमाचें कारण १९६० सालीं कळलें. कारखाना त्यापूर्वींच बंद झाला. मग जें कोणालाच ठाऊक नव्हतें त्याची जबाबदारी आमच्यावर कशी? यावर न्यायमूर्ति हॉलंड यांनीं २७ ऑक्टोबर १९९५ रोजीं दिलेला निकाल समजून घेण्याजोगा आहे. पुढें कोणता विशिष्ट रोग होईल हें आधीं दिसलें पाहिजे असें नाहीं. ही धूळ छातीला अपाय करते एवढें दिसत असलें तरी काळजी घेण्याचें कर्तव्य उत्पन्न होतें. आणि एवढें तर कंपनीला १९३३ पासून दिसावयास हवें होतें, कारण १९३० चा सरकारी अहवाल तिच्यापुढें होता. तसेंच, माल चढविण्याच्या ओट्यावरची धूळ आंतल्या धुळीइतकीच दाट असेल, तर ती हुंगणारें मूल पगारी नोकर नाहीं एवढ्यावरून कर्तव्य संपत नाहीं. हॅनकॉकबाईंना ६५,००० पौंड व मार्गरसनबाईंना ५०,००० पौंड मिळाले. १९९६ च्या एप्रिलमध्यें वरच्या न्यायालयानें निकाल कायम केला. १९९७ सालीं हॅनकॉकबाई वारल्या.

मात्र हा निकाल नुसत्या न्यायबुद्धीनें मिळाला नाहीं. तो कागदांमुळें मिळाला. कंपनीनें प्रत्येक पायरीवर अडथळे आणले, आणि तिच्या ह्या वागणुकीवर न्यायमूर्तींनीं कडक ताशेरे मारले. परंतु त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या चेस मॅनहॅटन बँकेनें आपल्या इमारतींत फवारलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसबद्दल ह्याच समूहावर अमेरिकेंत दावा लावलेला होता, आणि त्या निमित्तानें बँकेच्या वकिलांनीं कंपनीच्या जुन्या दप्तराच्या प्रचंड प्रमाणावर नकला काढून घेतल्या होत्या. बँक आपला दावा हरली. पण त्या दप्तरांतले कागद आर्मलीच्या वादींच्या हातीं आले. कंपनीला केव्हां काय ठाऊक होतें हें तिच्याच पत्रव्यवहारांतून निघालें. एका धनाढ्य बँकेनें स्वतःच्या लाभासाठीं उघडलेलें कपाट एका मरणोन्मुख स्त्रीच्या उपयोगीं पडलें, हा योगायोगच म्हणावयाचा; आणि ज्या हजारोंच्या वांट्याला असा योगायोग आला नाहीं त्यांचे दावे पुराव्याअभावीं फेटाळले गेले असतील, हें ओघानेंच येतें.

यानंतर तर्कशास्त्राची एक चमत्कारिक कोंडी पुढें आली. बांधकामावरचा किंवा नळ बसविणारा माणूस आयुष्यांत पांच-दहा मालकांकडे काम करतो. समजा, तिघांकडे त्याला अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ लागली. तिघेहि निष्काळजी. पण कर्करोगाला कारण झालेला तंतू कोणाच्या धुळींतला? विज्ञान त्याचें उत्तर देऊं शकत नाहीं. पहिला म्हणतो, तो दुसऱ्याचा असेल. दुसरा म्हणतो, तिसऱ्याचा. आणि तिघेहि सुटतात. मालक एकच असता तर भरपाई मिळाली असती. तीन अपराधी असल्यामुळें ती मिळत नाहीं! फेअरचाइल्ड यांच्या खटल्यांत अपील न्यायालयानें २००१ सालीं खरोखरच असा निकाल दिला. २००२ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें तो फिरविला: ज्यानें ज्यानें ह्या रोगाचा धोका वाढविला तो प्रत्येक जण जबाबदार, तंतू कोणाचा हें सिद्ध करण्याचें ओझें रोग्यावर नाहीं. २००६ सालीं पुन्हा निकाल झाला कीं, प्रत्येकानें आपापल्या आणेवारीनेंच द्यावें. म्हणजे जी कंपनी बुडाली तिचा वांटा रोग्यानें सोडावा. पार्लमेंटनें त्याच वर्षीं कायदा करून तेंहि बदललें. आतां मेसोथेलिओमाच्या बाबतींत कोणाहि एका दोषी मालकाकडून पूर्ण रक्कम मागतां येते. मालकांनीं हिशेब आपसांत मिटवावा.

पण सारेच मालक बुडाले तर? ही शंका काल्पनिक नाहीं. अमेरिकेंत जॉन्स-मॅनव्हिल ही अ‍ॅस्बेस्टॉसची सर्वांत मोठी कंपनी १९८२ सालीं दाव्यांच्या पुरांत नादारीच्या कायद्याच्या आश्रयाला गेली. टर्नर अँड न्यूऑल १९९८ सालीं फेडरल-मोगल या अमेरिकन कंपनीनें विकत घेतली, आणि २००१ सालीं तिनेंहि तोच मार्ग धरला. नादारींतून जें वांचतें त्याचा न्यास करून दावेदारांना वांटून देण्याची रीत त्यांतून पडली. वांटणी अर्थात् पूर्ण रुपयाची नसते, रुपयांतल्या कांहीं आण्यांची असते. इंग्लंडमध्यें यावर आणखी एक तोड काढली आहे. मालक सांपडत नाहीं आणि त्याचा विमा उतरविणारी कंपनीहि सांपडत नाहीं, अशा मेसोथेलिओमाच्या रोग्यांसाठीं २०१४ च्या कायद्यानें एक निधि केला, आणि त्याची पट्टी विमाकंपन्यांवर बसविली. तत्पूर्वीं २००८ पासूनच, नवऱ्याचे कपडे धुणाऱ्या गृहिणीसारख्या, नोकर नसलेल्या रोग्यांनाहि सरकारकडून एकरकमी मदत मिळूं लागली होती. बार्किंगच्या बायकांचा प्रश्न १९६५ सालीं पुढें आला होता. उत्तरास त्रेचाळीस वर्षें लागलीं.

बार्किंगच्या केप कंपनीच्या खाणी दक्षिण आफ्रिकेंत, प्रीस्का गांवाच्या बाजूस होत्या. कंपनी १९७९ सालीं तेथून निघून गेली. धुळीचे ढिगारे व रोगी मागें राहिले. तेथील हजारों लोकांनीं लंडनच्या न्यायालयांत दाद मागितली. कंपनी म्हणाली, आफ्रिकेंतली गोष्ट आफ्रिकेंत चालवा. पण तेथें गरिबाला वकील मिळण्याची सोय नव्हती. हाउस ऑफ लॉर्ड्सनें २००० सालीं ठरविलें कीं, जेथें दावा चालविणेंच अशक्य तेथें पाठविणें म्हणजे न्याय नाकारणें. खटला लंडनमध्यें चालेल. तो चालण्यापूर्वीं तडजोड झाली. आधीं ठरलेले २ कोटि १० लक्ष पौंड कंपनीनें दिलेच नाहींत. शेवटीं २००३ सालीं ७५ लक्ष पौंडांवर प्रकरण मिटलें. दावेदार सुमारें साडेसात हजार होते. म्हणजे कंपनीकडून माणशीं सरासरी हजार पौंड. आर्मलीच्या ६५,००० शीं ताडून पाहिलें तर भिंतीबाहेरच्यांना जो न्याय मिळाला तो समुद्रापलीकडच्यांना पोंचतां पोंचतां किती झिजला, हें दिसतें.

महाराष्ट्राचा ह्या कथेशीं संबंध दूरचा नाहीं. मुंबईंत घाटकोपर येथें टर्नर अँड न्यूऑलच्या भागभांडवलावर ब्रेकचीं अस्तरें वगैरे करणारा कारखाना उभा राहिला होता. गिरण्यांचे बॉयलर, रेल्वेचीं कारशेडें, गोदी, आणि जुन्या आगबोटी फोडणारा दारूखान्याचा किनारा, या सर्व ठिकाणीं हा पदार्थ होता. मुंबईंतल्याच एका अ‍ॅस्बेस्टॉस-गिरणींतील कामगारांची तपासणी करून डॉ. व्ही. मुरलीधर व विजय कान्हेरे यांनीं २००५ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्यांत पांचांमागें एकाहून अधिकांना अ‍ॅस्बेस्टोसिस होता. इंग्लंडनें १९९९ सालीं अ‍ॅस्बेस्टॉस सर्वस्वीं बंद केला. भारतांत पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसची आयात चालू राहिली. त्याचा मोठा भाग सिमेंटच्या पत्र्यांत जातो. पत्रा शाबूत असेपर्यंत तंतू सिमेंटांत घट्ट बसलेले असतात, तेव्हां डोक्यावरचें छप्पर पाहून घाबरून जाण्याचें कारण नाहीं. धोका तो करवतीनें कापतांना, भोंक पाडतांना, फोडतांना, आणि जुना होऊन त्याचा भुगा होऊं लागला म्हणजे. तसें काम करणें भागच पडलें तर पत्रा आधीं भिजवावा, मुलांना दूर ठेवावें, आणि चुरा केरसुणीनें कोरडा झाडूं नये.

भरपाईच्या बाजूनें पाहतां भारताचा पाया कागदावर तरी भक्कम आहे. अ‍ॅस्बेस्टॉसमुळें होणारा फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा यांचीं नांवें १९२३ च्या कामगार-भरपाईच्या कायद्याच्या यादींत आलेलीं होतीं. म्हणजे नेली केर्शॉला जी उणीव नडली ती येथें नव्हती. आर्मलीच्या निकालाच्या नऊच महिने आधीं, २७ जानेवारी १९९५ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या अर्जावर निकाल दिला. कामगाराचें आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असें त्यांत म्हटलें आहे, आणि रोग सिद्ध झालेल्या कामगाराला एक लक्ष रुपये द्यावे असा हुकूम आहे. पण त्या निकालांतलें सर्वांत दूरदृष्टीचें कलम पैशाचें नाहीं. प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद कारखान्यानें कामाच्या आरंभापासून चाळीस वर्षें, किंवा काम सुटल्यापासून पंधरा वर्षें, यांपैकीं जी मुदत नंतर संपेल तोंपर्यंत जपून ठेवली पाहिजे, असें तें कलम आहे. रोग तीस-चाळीस वर्षें दडून बसतो हें ओळखून कागदालाहि तितकेंच आयुष्य दिलेलें आहे.

अडचण येते ती अशी कीं, ज्यांचें नांव हजेरीपटावर नसतें, मुकादमाच्या वहींतच राहतें, त्यांची ही नोंद कोण ठेवणार? आणि ज्यांचें नांव असतें त्यांच्याहि बाबतींत क्ष-किरणाच्या छायाचित्रावर क्षय असा शिक्का बसून प्रकरण संपणें अशक्य नाहीं, कारण खोकला, धाप आणि रोडावणें दोन्हींकडे सारखेंच, आणि रोगी कोणत्या कारखान्यांत होता हें विचारण्याची संवय सर्व डॉक्टरांना नसते.

म्हणून ज्या घरांत बाप, चुलता किंवा आजोबा बॉयलर, ब्रेक, गोदी, रेल्वेचें कारखान्याचें काम किंवा पत्र्याचा कारखाना यांत राबलेले असतील, त्या घरानें कांहीं वस्तू रद्दीवाल्याला देऊं नयेत. नेमणुकीचें पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, राज्य विमा योजनेचें कार्ड, कारखान्याचा बिल्ला, संघाच्या वर्गणीच्या पावत्या, छातीचीं जुनीं छायाचित्रें, हीं सर्व एका पेटींत ठेवावीं. कोणत्या सालीं कोणत्या खात्यांत काय काम केलें, बरोबर कोण होतें, धूळ कशी उडे, कपडे घरीं कोण धुई, हें त्यांच्याच तोंडून ऐकून तारीखवार लिहून घ्यावें व खालीं त्यांची सही घ्यावी. छातींत पाणी झाल्याचें निदान झालें तर डॉक्टरांना ह्या नोकरीची हकीकत विचारल्यावांचून सांगावी, आणि तपासणीसाठीं मांसाचा तुकडा काढला गेला तर त्याचा लेखी अहवाल मागून घ्यावा. तो तुकडा मेणाच्या ठोकळ्यांत किती दिवस जपून ठेवणार हेंहि रुग्णालयाला विचारून ठेवावें, कारण पुढें दुसऱ्या तज्ज्ञाला तो पाहावा लागतो. पेटी कोठें आहे हें घरांतल्या एकाहून अधिक माणसांना ठाऊक असावें.